पायऱ्यांवर आडवा पडलेला दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे, मित्रांनो. दरवाजा म्हटला की तो चौकटीत ताठ उभा असणार, असेच तुमच्या डोळ्यांसमोर येईल. माझेही निम्मे आयुष्य तसेच गेले. पण माझ्याकडून जे काही चांगले घडले, ते मी आडवा पडल्यावर घडले. तेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म एका सुताराच्या हातून झाला. त्याने जाड फळ्या रंध्याने सपाट केल्या, एकमेकींना घट्ट चिकटवल्या आणि माझ्या पाठीवर आडव्या पट्ट्या ठोकल्या. "याला नक्षी नको," तो म्हणाला, "हा कामाचा गडी आहे." मग मला कोट शिवणाऱ्या एका मास्तरांच्या दुकानाला बसवले. दुकान एका उंच इमारतीच्या तळाशी होते, रस्त्यापासून तीन पायऱ्या वर. ते मास्तर गेले, त्यांच्या मुलाने कात्री हाती घेतली आणि लोक त्यालाही मास्तरच म्हणू लागले. सकाळी कडी काढताना हे मास्तर माझ्या अंगावर एक थाप मारत, जशी जुन्या सोबत्याच्या पाठीवर मारावी.

माझे काम साधे होते. ऊन, धूळ आणि न बोलावलेले पाहुणे बाहेर ठेवायचे. गिऱ्हाइके म्हणत, "मास्तर, दरवाजा भक्कम हं तुमचा!" तेव्हा मी फुगून जाई. पावसाळ्यात तर खरोखरच फुगे आणि मग मास्तरांना मला खांद्याने रेटावे लागे. पण ते असो.

पुढे शेजारच्या दुकानांना काचेचे दरवाजे आले. मास्तरांनीही एक बसवला. मला बिजागऱ्यांतून उचलून मागच्या खोलीत भिंतीला टेकवले. माझ्यावर चिंध्यांची गाठोडी आली, रिकाम्या रिळांची टोपली आली, कुणाची तरी मोडकी छत्री आली. ती थाप मात्र पुन्हा आली नाही. मित्रांनो, निरुपयोगी ठरलेल्याला कुणी मारत नाही, रागवत नाही. त्याच्याकडे फक्त कुणी बघत नाही.

त्या दुकानात कोटांची काजे हाताने होत. बटण जिच्यातून जाते ती चीर म्हणजे काज. तिची कड मेण लावलेल्या दोऱ्याने टाका टाका करून बांधावी लागते. ही काजे करणारी मुलगी दोन गल्ल्या पलीकडे राही. सगळे तिला ताई म्हणत. लहानपणीच्या आजारात तिचे पाय गेले होते आणि ती चाकाच्या खुर्चीत बसे. तिची वहिनी कोटांची पिशवी घेऊन जाई आणि काजे झाली की घेऊन येई. दुकानात काजांचे कौतुक रोज होई. ज्या हातांनी ती केली, ते हात बहुतेकांनी पाहिलेच नव्हते.

एके सकाळी पिशवीऐवजी ताईच आली. पायऱ्यांखाली तिची खुर्ची उभी होती आणि मागे घामाघूम झालेली वहिनी.

"मास्तर, आजपासून मी इथं बसून काम करणार," ताई खालूनच म्हणाली.

मास्तर गडबडले. "अगं, काम घरपोच येतंय की! तुला कशाला ही ओढाताण?"

"काम घरपोच येतं हो, माणसं येत नाहीत. त्या दोऱ्याशी किती बोलू?"

"पण या पायऱ्या..."

"पायऱ्या मलाही दिसतायत, मास्तर."

वहिनी पदराने तोंड पुसत म्हणाली, "घरी दिवसभर ही माझ्याशी बोलते. हिला ठेवून घ्या बाई कुणीतरी, माझे कान किटले!"

सगळे हसले, पण ताईच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. तिला त्या खोलीत जागा हवी होती. कोट शिवणाऱ्यांच्या रांगेत, बोलण्यात, भांडणात आणि चहाच्या वाट्यात तिला आपलीही जागा हवी होती. एवढेच तिचे मागणे होते.

तेव्हा दुकानातल्या इस्त्रीवाल्या काकांना माझी आठवण झाली. म्हातारा कमी बोले, पण बोलला की कामाचे बोले. "मागं तो दरवाजा कुजत पडलाय," ते म्हणाले. "आडवा टाका पायऱ्यांवर."

माझ्यावरची गाठोडी उतरली. कडी आणि बिजागऱ्या काढून टाकल्या. मास्तरांना इतका उत्साह आला की ताईच्या स्वागतासाठी त्यांनी मला काजाच्या दोऱ्याला लावायच्या मेणाने घासून घासून चकचकीत केले. मग मला पायऱ्यांवर आडवे ठेवले. माझ्या पाठीवरच्या पट्ट्या पायरीच्या कडेला अडकल्या आणि मी पक्का बसलो. वहिनीने जोर लावला, खुर्ची मध्यापर्यंत चढली आणि तिथून जी घसरली, ती थेट रस्त्यावर. वहिनी खाली बसली, खुर्ची गर्रकन फिरली, नशीब कुणाला लागले नाही.

"मास्तर, दोरा सुळकन जावा म्हणून मेण लावतात," ताई हसत म्हणाली. "मला वर जायचंय!"

मास्तरांनी जीभ चावली. मग कोटाला आकार राहावा म्हणून आत जे खरखरीत कापड घालतात, त्याचे पट्टे काढून काकांनी माझ्या अंगावर खिळ्यांनी ठोकले. खिळे ठोकताना दुखले, खोटे कशाला बोलू? पण दुसऱ्या वेळी खुर्ची चढली. ताई काचेच्या दारातून आत गेली आणि खिडकीजवळच्या टेबलापाशी जाऊन बसली. कुणीतरी तिच्या पुढ्यात कोट ठेवला आणि कुणीतरी म्हणाले, "ताई, चहात साखर किती?" मी बाहेर पायऱ्यांवर उताणा पडलो होतो, तरी हे मला ऐकू आले. इतकी वर्षे लोकांना अडवून जे सुख मिळाले नव्हते, ते त्या एका वाक्यात मिळाले.

मग ताईचा आणि माझा, दोघांचाही नेम सुरू झाला. सकाळी मी पायऱ्यांवर, संध्याकाळी पुन्हा आत. हळूहळू माझ्या अंगावरून इतरही जाऊ लागले. कापडाचे तागे घेऊन येणारा हातगाडीवाला, बाळाची गाडी ढकलणारी आई, गुडघे धरून चालणारे आजोबा. मी कुणालाही नाही म्हटले नाही.

पण इमारतीच्या सेक्रेटरींच्या डोळ्यांत मी खुपू लागलो. माझे टोक रस्त्याच्या कडेला येई. एकदा फोनवर बोलत चाललेल्या एका माणसाचा पाय त्याला लागला आणि तो चिडला. सेक्रेटरी तडक दुकानात आले.

"मास्तर, हे लाकूड उचला. एका मुलीसाठी अख्ख्या इमारतीनं ठेचकाळायचं का?"

"सेक्रेटरीसाहेब, ती काम करते हो इथं," मास्तर पुटपुटले.

"मग काम घरी पाठवा! पाठवत होतातच ना?"

मास्तर भिडस्त. त्यांनी मान खाली घातली. त्या संध्याकाळी मी आत गेलो आणि पुन्हा भिंतीला टेकलो. सकाळी मला कुणी बाहेर काढले नाही.

ताई मात्र आली. पायऱ्या उघड्या पाहिल्या आणि वहिनीला म्हणाली, "वहिनी, खुर्ची इथंच लाव. पायरीला चिकटून."

"अगं, रस्त्यावर? लोक बघतील!"

"बघू देत. इतकी वर्षं मी कुणाला दिसलेच नाही."

आणि पायरीशी बसून तिने मांडीवर कोट घेतला. दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशी आली. व्रत घेतलेले माणूस जसे ऊन-वारा बघत नाही, तशी ती येत राहिली. कुणाला दोष दिला नाही, आवाज चढवला नाही. येणारे प्रत्येक गिऱ्हाईक विचारी, "ताई, आत का नाही बसत?" ती सुई न थांबवता म्हणे, "माझी जागा आतच आहे. तिथं जायची वाट तेवढी उचलून ठेवलीये." मग गिऱ्हाईक वर जाऊन मास्तरांकडे बघत राही. मास्तरांना कात्री धरवेना. शेवटी ते स्वतःच सेक्रेटरींकडे गेले आणि त्यांना खाली घेऊन आले. भिडस्त माणसाने एवढे केले, म्हणजे खूप केले.

सेक्रेटरी ताईपुढे उभे राहिले. घसा खाकरून म्हणाले, "बरं बाई, ठेवा तुमचा दरवाजा. तसाही त्याचा उपयोग पुष्कळांना होतो. गाडीवाला, आजोबा, बाळाची गाडी. मी चौकशी केलीये."

वहिनीचा चेहरा फुलला. मला वाटले, जिंकलो आपण! पण ताईने सुई कोटात खोचली.

"सेक्रेटरीकाका, असं म्हणून ठेवू नका."

"आता आणखी काय?"

"उद्या गाडीवाला दुसऱ्या रस्त्यानं जाईल. बाळ चालायला लागेल. मग मी एकटी उरेन आणि तुम्ही परत म्हणाल, एका मुलीसाठी कशाला? पुष्कळांसाठी ठेवू नका. माझ्यासाठी ठेवा."

"एकटीसाठी?"

"तुम्ही या इमारतीत शिरता, तेव्हा तुमच्यासोबत आणखी कितीजण आहेत, असं दार विचारतं का तुम्हाला?"

खरेच, उभ्या आयुष्यात मी कुणाला हे विचारले नव्हते.

"हट्टी आहेस," सेक्रेटरी शेवटी म्हणाले.

"आहेच," वहिनीने परस्पर सांगून टाकले. "आणि लाकूड नको हो आता. पक्कं सिमेंटचं करा. भिंतीला धरून लांब उतार काढा, म्हणजे कुणाच्या पायात येणार नाही. आणि हिला एकटीला चढता येईल. मला जन्मभर ढकलायला लावू नका."

सेक्रेटरींनी मान्य केले आणि गवंडी आला. ओले सिमेंट आकारात राहावे म्हणून उताराच्या कडेला फळ्या उभ्या कराव्या लागतात. फळ्या कमी पडल्या. गवंड्याची नजर माझ्यावर गेली. "हा उभा चिरला तर भागेल," तो म्हणाला.

मास्तर कळवळले. "अरे, माझ्या वडिलांनी बसवलेला दरवाजा आहे तो!"

मित्रांनो, मला तोंड असते तर मीच म्हटले असते, चीर बाबा, उशीर नको. करवत चालली. मास्तरांनी आधी माझ्या अंगावर एक थाप मारली आणि मग तोंड फिरवले. माझे दोन भाग झाले. त्यांच्या आधाराने सिमेंट ओतले गेले आणि ते सुकेपर्यंत मी त्याला हलू दिले नाही. फळ्या काढल्या, तेव्हा उताराच्या कडेवर माझ्या लाकडाच्या रेषा उमटल्या होत्या.

पहिल्या सकाळी वहिनीने दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून घेतले. ढकलायचा मोह होईल म्हणून. ताईने चाकांवर तळवे टेकवले आणि निघाली. मध्ये एकदा थांबली, दम घेतला. कुणीही पुढे झाले नाही. वर पोचल्यावर काचेचे दार तिने स्वतः ढकलले.

मी आता मागच्या खोलीत दोन तुकड्यांत उभा आहे. माझी काळजी घ्या, असे मी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्या शाळेच्या, दुकानाच्या, घराच्या पायऱ्यांशी उद्या एकदा उभे राहा आणि बघा, खाली कोण थांबले आहे. एकच जण असेल, तरी तेवढे पुरे आहे. हातात जे काही असेल, फळी, दोरी, नाहीतर नुसता आवाज, ते घेऊन कामाला लागा.

लाकूड नसले, तर मी आहे. माझे अजून दोन तुकडे शिल्लक आहेत.