चौथे दुकान

आत्याने डोळे मिटले, दहाही बोटे बटणांवर ठेवली आणि लॅपटॉप चालू आहे की बंद, याची चौकशीही न करता टाइप करायला सुरुवात केली.

"अहो काकू, चालू तरी करू द्या," दुकानदार म्हणाला.

"तुम्ही सावकाश करा चालू. मी आधी आवाज ऐकते."

दुकानदाराने तिच्या भाच्याकडे पाहिले. भाच्याने नजर भिंतीकडे वळवली. कुणी असे प्रश्नार्थक पाहिले की त्याला पाहण्यासारखे दुसरे काहीतरी लागे, आणि या दुकानात सुदैवाने खिळ्यांना टांगलेली वायरींची भेंडोळी भरपूर होती. तो ती मोजत राहिला.

बंद लॅपटॉपवर आत्याची बोटे धावत होती. ओळ संपली असावी, कारण तिचा डावा हात सवयीने वर उठला, त्याने टाइपरायटरचा, हवेतलाच, एक दांडा उजवीकडे ढकलला आणि परत खाली येताना शेजारची पेनांची बरणी आडवी केली. पेने चहूकडे घरंगळली.

"प्रत्येक दुकानात होतं हे," पेने गोळा करायला वाकत भाचा पुटपुटला. "पहिल्या दुकानात तर दुकानदाराचा चष्माच उडाला होता."

"ऐकलं मी, घुम्या," डोळे न उघडता आत्या म्हणाली. "डोळे मिटलेत, कान नाही."

घुम्या हे नाव तिनेच ठेवलेले. आईवडील गेल्यावर सहा वर्षांचा असताना तो तिच्या घरी आला आणि पहिले तीन आठवडे एक अक्षर बोलला नाही, तेव्हापासूनचे. आता तो सव्वीस वर्षांचा होता, एका ग्रंथालयात फाटलेल्या पुस्तकांची शिवण आणि बांधणी दुरुस्त करत असे, आणि त्याच्या कामात बोलण्याची गरज क्वचितच पडे. पुस्तके आपणहून काही विचारत नाहीत, हा त्यांचा केवढा मोठा गुण!

"आवाज कसा वाटला?" दुकानदाराने विचारले.

"भिजवलेल्या कणकेवर बोटं मारल्यासारखा. दुसरा दाखवा."

दुकानदार आत गेला. महिनाभरातले हे चौथे दुकान होते. दर शनिवारी एक. आत्याने छत्तीस वर्षे एका प्रवासी बस कंपनीच्या कचेरीत टाइपरायटरवर वेळापत्रके टाइप केली होती. कोणती गाडी कुठून किती वाजता सुटते, कुठे किती थांबते, सगळे तिच्या बोटांना पाठ. ती स्वतः मात्र घर ते कचेरी आणि कचेरी ते घर, याच्या पुढे कधी गेली नाही. निवृत्त झाल्यावर दोन वर्षे तिने खिडकीतली झाडे सांभाळली, आणि एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "मी टाइप केलेली गावं खरंच आहेत की नाहीत, ते एकदा बघून येते. तीन महिने लागतील."

भाच्याने तेव्हा मान हलवली होती. 'जाऊ नकोस' हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत येण्याइतके धीट नव्हते. त्याऐवजी त्याने एक अट घातली. खोल्या, तिकिटे, नकाशे सगळे आता इंटरनेटवर असते, तेव्हा हलकासा, स्वस्तातला का होईना, एक लॅपटॉप घेतल्याशिवाय निघायचे नाही. आणि त्यावरून रोज खुशाली कळवायची. मोबाइलने भागले असते, पण मोबाइलचे नाव काढताच आत्या उसळे: "देवाने दहा बोटं दिलीत, आणि तुम्ही दोन अंगठ्यांवर संसार करा!"

या अटीमागे त्याचा एक हिशेब होता, आणि त्याची त्याला लाज वाटत होती. आत्याला वस्तू निवडता येत नसे. चष्म्याची फ्रेम पसंत करायला तिने इतके महिने लावले होते की फ्रेम ठरेपर्यंत डोळ्यांचा नंबर बदलला, आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. पुढच्या खोलीला पडदे घ्यायचे म्हणून खिडकीवर तात्पुरती अडकवलेली चादर सात वर्षे तिथेच होती. अशी बाई लॅपटॉप निवडणार म्हणजे प्रवास आपोआपच लांबणार.

आणि तसेच होत होते. पहिल्या दुकानात तिने विचारले होते, "काय रे, कसा वाटतो?" आणि तो म्हणाला होता, जड आहे. दुसऱ्या दुकानात झाकणाची बिजागरी त्याला ढिली वाटली. पुस्तकाचा कणा तपासावा तसा त्याने लॅपटॉप चारदा उघडून मिटून दाखवला. तिसऱ्या दुकानात त्याने बॅटरीबद्दल शंका काढली. दर वेळी ती "मग नको" म्हणून वस्तू हळूच खाली ठेवी आणि दोघे कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा पिऊन घरी येत. त्या चहाची चव त्याला फार आवडे, आणि आवडते म्हणून तो मान खाली घालून कपातच पाहत राही. माळ्यावरची प्रवासी बॅग काढून दे, असे तिने पहिल्याच आठवड्यात सांगितले होते. "उद्या काढतो," तो म्हणाला होता. तो उद्या अजून उजाडला नव्हता.

दुकानदार परत आला तेव्हा त्याच्या हातात राखाडी रंगाचा एक पातळ लॅपटॉप होता. तो त्याने काउंटरवर ठेवला, पण हात काही लगेच काढून घेतला नाही.

"खरं सांगू का काकू, हा मी सहसा कुणाला दाखवत नाही. वजनाला हलका आहे, किंमत तुम्ही कागदावर लिहून आणलीय तेवढ्यात बसते, बटणंही बरी आहेत. पण एक खोड आहे."

"माणसाला असते, मग ह्याला असली तर काय बिघडलं? कोणती खोड?"

"समोरून स्क्रीन छान दिसते. बाजूने बघितलं की काळी. स्वस्तातल्या स्क्रीनचं असंच असतं. चारचौघांनी मिळून फोटो बघायचे म्हटलं तर पंचाईत."

आत्याने भुवया उंचावल्या. "चालू करा बघू."

लॅपटॉप चालू झाला. तिने डोळे मिटून दोन ओळी टाइप केल्या. या वेळी दुकानदाराने बरणी आधीच काखेत घेतली होती. मग तिने डोळे उघडले.

"ह्याचा आवाज चांगला आहे. कोरडा. घुम्या, इकडे ये. माझ्या उजव्या हाताला उभा राहा. काय लिहिलंय?"

"काळं दिसतंय."

"अजून जवळ."

"अजून काळं दिसतंय."

"आणि तुम्ही हो? तुम्ही डावीकडून या. संकोच करू नका."

दुकानदार काउंटर ओलांडून बाहेर आला, तिच्या डाव्या बाजूला उभा राहिला, वाकला, डोळे बारीक केले. "छे. काही दिसत नाही काकू."

"बरं आहे. तुमच्याबद्दलच लिहिलंय."

दुकानदार आधी गोंधळला आणि मग इतक्या मोठ्याने हसला की काखेतली बरणी पुन्हा घसरली. आत्या आणखी टाइप करू लागली. मध्येच थांबून डावीकडे बघे, उजवीकडे बघे, दोन्हीकडच्या आंधळ्या चेहऱ्यांकडे पाहून खुदकन हसे, आणि पुढे लिही. भाच्याने तिला असे हसताना कधी पाहिले होते, ते त्याला आठवेना.

"तुम्हाला कल्पना नाही," ती दुकानदाराला म्हणाली, पण बोटे थांबली नाहीत. "छत्तीस वर्षं माझ्या उजव्या खांद्याशी हेडक्लार्क आणि डाव्या खांद्याशी ज्याला वेळ असेल तो. मी अक्षर उमटवायचा अवकाश, वाचून तयार! एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हटलं, आपलं स्वतःचं एक पत्र टाइप करावं. 'प्रिय' एवढंच झालं होतं हो. संध्याकाळच्या चहाच्या आत सगळ्या कचेरीला कळलं."

"कुणाला लिहीत होतात?"

"तेच त्यांनाही विचारायचं होतं," आत्या म्हणाली. "म्हणून मग कागद काढला आणि वेळापत्रक लावलं."

दुकानदाराने बरणी काखेत पुन्हा नीट धरली. मग त्याने विचारले, "आणि प्रवासाला न्यायचा म्हणालात, ते निघालात कुठे?"

"शेवटच्या पानावर एक थांबा असायचा. चार चाळीसला गाडी पोचते, चार एकेचाळीसला सुटते. एका मिनिटात तिथे कोण उतरतं, काय असतं तिथे, देव जाणे. दर वर्षी टाइप करायचे आणि दर वर्षी वाटायचं, आपण उतरावं. गाडी गेली तर गेली." मग तिने मान वळवली. "काय रे घुम्या? कसा वाटतो?"

भाच्याजवळ उत्तर तयार होते. लॅपटॉपचा एक कोपरा खरचटलेला होता. चार्जरची वायर आखूड होती. यांतले कोणतेही एक पुरले असते. ती "मग नको" म्हणाली असती, कोपऱ्यावर चहा झाला असता, आणि पुढचा शनिवार मोकळा राहिला असता.

तो तिच्या उजव्या बाजूला उभा होता. तिथून स्क्रीन काळीच होती, एखाद्या बंद दारासारखी. पण त्या दारातून पाझरणारा उजेड आत्याच्या चेहऱ्यावर पडला होता: कपाळावर, चष्म्याच्या त्या इतके महिने लावून निवडलेल्या फ्रेमवर, हसून ओल्या झालेल्या डोळ्यांच्या कडांवर. तिला काय दिसते आहे ते त्याला दिसत नव्हते. तिला काहीतरी दिसते आहे, एवढे मात्र स्पष्ट दिसत होते.

त्याने बोटाने काउंटरवरची नसलेली धूळ पुसली.

"घे," तो म्हणाला.

"काय म्हणालास?"

"घे म्हटलं. चांगला आहे."

आत्या क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिली. मग दुकानदाराकडे वळून म्हणाली, "द्या बांधून."

"अहो, अजून एक-दोन दाखवतो की. घाई कशाला?"

"घाई? महिना झाला!" ती म्हणाली. "आता दाखवणं पुरे."

भाजीसुद्धा तिने आजवर इतक्या झटपट घेतली नव्हती.

घरी आल्यावर लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर विराजमान झाला. ऊन कलले होते आणि खिडकीवरच्या चादरीतून गाळून आत येत होते. भाच्याने तिला इंटरनेट जोडून दिले, खोल्या कशा शोधायच्या ते दाखवले, पत्र पाठवायचा पत्ता तयार करून दिला. पासवर्ड घालायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "तिकडे बघ." मग स्वतःच हसली. "नाही तर राहू दे. तू आहेस तिथेच बस, तेवढं पुरे."

तो आहे तिथेच बसला. तिच्या उजव्या हाताच्या खुर्चीतच त्याने ग्रंथालयातून आणलेले एक पुस्तक उघडले आणि त्याच्या सुटलेल्या पानांतून सुई फिरवू लागला. शेजारी बटणांचा तो कोरडा, एकसारखा आवाज सुरू झाला. लहानपणी कचेरीला सुट्टी नसली आणि शाळेला असली की तो तिच्या टेबलाखाली बसून हाच आवाज ऐकत झोपून जाई. इतकी वर्षे तो आवाज कुठे गेला होता, असे त्याच्या मनात आले. आणि लगेच, तीन महिने तो पुन्हा नसेल, हेही.

"काय लिहितेस?" त्याने विचारले.

"वाच की."

तो वाकला. काळे. आत्या मनापासून हसली.

थोड्या वेळाने बटणे थांबली. तिने एक बोट उचलले, नेम धरून एका जागी दाबले आणि हात मांडीवर घेतले. भाच्याच्या खिशातला मोबाइल थरथरला.

त्याने सुई पुस्तकात टोचून ठेवली आणि मोबाइल काढला. वर, कचेरीच्या पत्रासारखी, तारीख होती. त्याखाली:

'विषय : लॅपटॉपच्या खरेदीबाबत.

प्रिय घुम्या,

पहिल्या दुकानातलाही चांगला होता. दुसऱ्यातला तर त्याहून. तिसऱ्यातल्यालाही नावे ठेवण्यासारखे काही नव्हते.

वेळापत्रकात काही थांब्यांवर गाडी वीस वीस मिनिटे उभी असते. प्रवासी चिडतात, विचारतात की इथे काय आहे? तिथे काही नसते. मागून एकजण यायचा असतो, त्याच्यासाठी गाडी धरून ठेवायची असते.

कळावे.

आत्या.'

त्याने ते दोनदा वाचले. शेजारी आत्या स्क्रीनवर डोळे लावून बसली होती, पण तिची बोटे हलत नव्हती आणि तिने श्वासही जरा धरून ठेवल्यासारखा वाटत होता.

तो उठला. स्वयंपाकघरातले स्टूल त्याने आणले, माळ्याखाली ठेवले आणि वर चढला.

"जपून. डुगडुगतं ते," मान न वळवता आत्या म्हणाली.

"माहितेय."

बॅग त्याला वाटली होती त्यापेक्षा खूपच हलकी होती. ती खाली घेऊन त्याने टेबलाजवळ आणली, ओल्या फडक्याने पुसली, चेन दोनदा उघडून मिटून पाहिली. एका जागी शिवण उसवली होती. तो पुन्हा खुर्चीवर बसला, पुस्तकातली सुई काढून घेतली आणि बॅग मांडीवर ओढली.

"धूळ बसली होती बरीच," तो म्हणाला.

"महिन्याची," आत्या म्हणाली.

पुन्हा बटणांचा आवाज सुरू झाला. ओळ संपली, तिचा डावा हात सवयीने वर उठला आणि हवेतला दांडा ढकलून खाली आला. तिथला पाण्याचा पेला मघाच भाच्याने उचलून आपल्याकडे ठेवला होता.