फुंकरीने पेटणारा दिवा

दिवा विझला, तशी खोलीत दाटीवाटीने बसलेल्या माणसांनी श्वास रोखला. दारात चपलांचा एवढा ढीग, की उशिरा आलेला पोस्टमन टपाल मांडीवर घेऊन त्या ढिगावरच बसला होता. फुंकरबाबा पुढे सरकला. त्याने गाल फुगवले आणि फडताळावरच्या दिव्याखालच्या पेटीच्या जाळीतून लांबलचक फुंकर मारली.

दिवा भक्कन लागला.

"आला! पोरगा आला!" शेजारीणबाईंनी डोळ्याला पदर लावला.

"येणारच," बाबा म्हणाला. "आत्मा म्हणजे काय? व्होल्टेज! देह म्हणजे काय? अडॅप्टर! अडॅप्टर जळतो, व्होल्टेज अमर असतं. सायन्सच सांगतं हे!"

कुठलं सायन्स, ते कुणी विचारलं नाही. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत हा गृहस्थ लोकांना भाड्याची घरं मिळवून द्यायचा. आता आत्म्यांना जागा मिळवून देत होता.

स्वयंपाकघराच्या दारात ताई इन्सुलिनची सुई घेऊन उभी होती. ती सकाळच्याच गाडीने परगावाहून आली होती. शाळेत विज्ञान शिकवायची. दिवा लागला तेव्हा क्षणभर तिच्याही तोंडातून "धाकट्या!" निघून गेलं होतं, आणि तिची तिलाच लाज वाटली होती. तिचा धाकटा भाऊ रस्त्यावरच्या अपघातात गेला होता. त्याने आईसाठी स्वतःच्या हाताने बनवलेला हा दिवा मागे राहिला.

"आई, हात पुढे कर."

"नको." पेटीसमोर बसलेली आई हललीसुद्धा नाही. "मला टोचली की त्याला टोचते. बाबा म्हणालेत."

"अगं, पायाचं बोट काळं पडलंय. डॉक्टर म्हणाले, साखर आज उतरली नाही तर पाय कापावा लागेल."

"कापू देत. लेकराला किती वेळा मारू?"

ताईने बाबाकडे पाहिलं. बाबाने छताकडे पाहिलं.

आईशी भांडून काही होणार नव्हतं. ताई पेटीजवळ गेली. तापलेल्या प्लास्टिकचा वास येत होता. एक गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना. धाकटा होता तेव्हा हा दिवा संध्याकाळभर जळायचा, एकदाही विझत नसे. आताच बरा दमायला लागला?

"बाबा, प्रश्न विचारा त्याला."

"हो असेल तर विझ, बाळा!" बाबाने आज्ञा केली. "तू सुखात आहेस ना?"

ताईने शेजारचा टेबलफॅन पेटीकडे वळवून चालू केला. दिवा जळतच राहिला. बाबाने परत विचारलं. मग दरडावून विचारलं. मग मस्का लावून विचारलं. दिवा ढिम्म.

"आत्मा मौनात गेलाय," बाबा घाम पुसत म्हणाला.

"मघाशी तर भलता बडबडत होता," पोस्टमन म्हणाला.

ताईने फॅन बंद केला आणि पेटीवर टॉवेल टाकला. थोड्याच वेळात दिवा आपोआप विझला. तिने झाकण काढलं.

"उघडू नका! आत्मा उघडा पडेल!" बाबा ओरडला.

"पडू दे. कुठे असतो तो, तेवढं बोट ठेवून दाखवा."

माघार घेतली तर इभ्रत जाणार. बाबाने आत डोकावलं. तीन पायांचा एक काळा तुकडा त्याला बरा वाटला. त्याने मोठ्या रुबाबात त्याच्या पाठीवर बोट टेकवलं.

"आई गंऽऽ!"

बोट तोंडात घालून बाबा थेट चपलांच्या ढिगापर्यंत मागे गेला. लोक पोट धरून हसले. आई हसली नाही.

ताई तिच्याशेजारी खाली बसली. "आई, त्या तुकड्याला रेग्युलेटर म्हणतात. भिंतीवरच्या अडॅप्टरमधून बारा व्होल्ट येतात, दिव्याला पाचच लागतात. हा पाचच पुढे सोडतो, आणि उरलेल्याचा ताप स्वतःच्या अंगावर घेतो. घरातली आई घेते तसा. फार तापला की जळून जाऊ नये म्हणून आपणहून थांबतो, गार झाला की परत उठतो. बाबाच्या फुंकरीने तो नुसता गार व्हायचा. त्याचा ताप बाहेर जावा म्हणून पाठीला ॲल्युमिनियमची पट्टी बसवतात. हे बघ, स्क्रूचं भोक रिकामं आहे. पट्टीच नाही."

मग आई अगदी हळू म्हणाली, "मी काढली."

"काय?"

"मागून बाहेर आली होती. धूळ बसायची तिच्यावर. तो गेल्यावर म्हटलं, त्याची वस्तू नीट पुसून-आवरून ठेवू..." तिने उशीखालून स्क्रूसकट पट्टी काढली. ती घासून लख्ख केली होती. "त्याच्या हातची म्हणून टाकवली नाही."

ताईने पट्टी हातात घेतली. तिने प्लग काढला, तुकडा गार होऊ दिला, पट्टी बसवून स्क्रू पिळला. दिवा लावला. गर्दी अजून आशेने बसली होती. दिवा जळत राहिला. माणसं एकेक करून चपला शोधायला लागली. बाबाच्या चपला कधीच गायब झाल्या होत्या, बाबासकट.

"एक ऐकून जा," ताई निघालेल्या लोकांना म्हणाली. "चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी एवढंच विचारा: काल असं होत नव्हतं, मग मध्ये काय बदललं? आणि जो बाबा औषध बंद करायला सांगतो, त्याला उंबरा चढू देऊ नका. माणूस गेल्यावर घर रडतं. त्या रडण्यावर दुकान थाटणारे बाहेर टपलेलेच असतात."

शेजारीणबाई खाली मान घालून गेल्या. दोघीच उरल्या.

"विझत नाही गं," बऱ्याच वेळाने आई म्हणाली.

"नाही विझणार आता."

"म्हणजे तो नाही ना आत?"

"नाही, आई."

धाकटा गेल्यापासून आई रडली नव्हती. आता रडली. मोठ्याने, लहान पोरासारखी. ताईने तिला रडू दिलं. मग आईने स्वतःच पदर सारून दंड पुढे केला.

सुई गेली तेव्हा आईची नजर दिव्यावर होती. उजेड हलला नाही.

"त्याला नाही टोचली," ती म्हणाली.

"नाही गं."

"मला दुखलं." आईने दंड चोळला. "मलाच दुखलं."