प्रदेश : आपोआप

जयाबाईनं फोन टेबलावर ठेवला आणि दोन बोटांनी आरोहीकडं सरकवला, जसा काही तो फोनच आरोपी होता.

"ह्याला इचारा तुमी. मी मारुतीरावांच्या खाटंला टेकून बसते, आन् ह्यो म्हणतोय तू क्षेत्राबाहेर हाईस."

जयाबाई निपाणीपलीकडच्या, हद्दीला चिकटलेल्या पण कर्नाटकातच मोडणाऱ्या गावातून पहिल्या बसनं बेळगावला आली होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसांची घरी जाऊन सेवा करायची, हे तिचं काम. मारुतीराव तिचे पेशंट. आज त्यांच्या सुनेनं रजा काढली म्हणून हिला निघता आलं. तिला कामावर ठेवणारी कंपनी बंगळूरची, हजेरी मोबाइलवर. पेशंटसोबत फोटो काढायचा आणि पाठवून द्यायचा. ते ॲप आरोहीच्या ऑफिसात तयार झालं होतं, आणि मदतीच्या नंबरावर तेच तेच ऐकून कंटाळलेल्या जयाबाईनं थेट या ऑफिसचा पत्ता शोधून काढला होता.

गावात टेकडीच्या आडोशानं अलीकडचा, कर्नाटकातला टॉवर लागत नाही. फोन पलीकडचा, महाराष्ट्रातला टॉवर धरतो, आणि ॲप हजेरी नाकारतं. म्हणून गावातल्या असल्या कामावरच्या बायका फोटो घरात काढायच्या आणि तो पाठवायला टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत चालत जायच्या. 'टॉवर घेऊन येते' म्हणायच्या, जसं दळण घेऊन येते म्हणावं. गेल्या आठवड्यात जयाबाई अशी टॉवर घ्यायला गेली आणि इकडं मारुतीराव खाटेवरून पडले. कपाळ फुटलं. त्या दिवसापासून तिनं टाकीची वाट सोडली, आणि त्याच दिवसापासून कंपनीच्या लेखी ती कामावरच नव्हती. उद्या सकाळी हजेरी पडली नाही तर तिच्या जागी दुसरी बाई येणार होती.

"वर मेसेज येतोय, महाराष्ट्रात आपलं स्वागत हाय," जयाबाई म्हणाली. "माझ्याच चुलीम्होरं बसल्याली मी. स्वागत करत्यात आन् हजेरी कापत्यात. मी ऱ्हाऊ तरी कुटं?"

आरोही हसली नाही. ती जांबोटीची, रानातल्या खेड्यातली. बसची वाट बघत रस्त्याकडेच्या दगडावर बसून मोबाइलवर प्रोग्रॅमिंग शिकलेली. नेट येतं-जातं म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

ॲप सर्व्हरशी बोलायचं ते एका लायब्ररीतून. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड. आपण तिला फक्त सांगायचं: कुठल्या पत्त्यावर जा, उत्तराची किती वाट बघ, नाही आलं तर पुन्हा विचार की सोडून दे. त्या सेटिंगांत एक ओळ होती. प्रदेश : आपोआप. म्हणजे फोन ज्या राज्याच्या टॉवरला लागेल, माणूस त्या राज्याचा. हद्दीपासून लांब, थंड खोलीत बसून हे ठरवणाऱ्याला ते फार शहाणपणाचं वाटलं असेल. इथं माणसाचं घर कर्नाटकात, रान महाराष्ट्रात आणि फोन वाऱ्यावर. पण इथल्यांना विचारतो कोण? इथल्यांना नुसतं मोजतात, आणि मोजतानाही चुकवतात.

आरोही उठून चिन्मय सरांच्या केबिनमध्ये गेली. सर ऑफिसचे मालक, टिळकवाडीतल्या जुन्या वकिलांच्या घरातले. वाईट माणूस नव्हे. आरोहीनं ही गोष्ट आधीही त्यांच्या कानावर घातली होती, आणि त्यांना ती पहिल्याच वाक्यात समजली होती. समजून गप्प बसणारी माणसं न समजणाऱ्यांपेक्षा जास्त नुकसान करतात. आजही ते म्हणाले, की बंगळूरच्या करारात ही तपासणी आहे, कुणी परराज्यातल्या आपल्या घरी बसून खोटी हजेरी लावू नये म्हणून. करार वर्षअखेरीला नवा होईल तेव्हा बघू.

"फोटो पेशंटसकट येतो, सर. खोटी कशी लागंल?"

"मला पटतंय गं. पण आत्ता हात लावू नकोस."

"बाहेर बसलेल्या बाईला हे तुम्हीच सांगा मग."

सर बाहेर आले नाहीत.

आरोही जागेवर आली. जयाबाईला शेजारची खुर्ची दिली. 'आपोआप' खोडलं आणि तिथं 'कर्नाटक' लिहिलं. आता फोननं टॉवर कुठलाही धरला तरी माणूस इथलाच. हात लागलाच होता, तर उत्तराची वाट बघायची मुदतही वाढवली. खेड्यातलं नेट दम खात चालतं, त्याला तेवढा दम द्यायला हवा. बदलाचं कारण लिहायच्या चौकटीत तिनं सरळ मराठीत लिहिलं: हद्दीवर राहणं हा गुन्हा नाही. खाली स्वतःचं नाव आलं. तिनं बदल पाठवून दिला. आता सकाळपर्यंत तो सगळ्या फोनांत पोचणार होता.

"झालं, मावशी. जावा तुमी. टाकीकडं जायचं न्हाय आता."

जयाबाईनं आरोहीचा नंबर घेतला, बसची वेळ विचारली आणि ती निघून गेली. तिच्या पाठोपाठ सर आले. बदल झाल्याची सूचना त्यांच्या पडद्यावर गेली होती.

"हे उलटव, आरोही."

"न्हाय उलटवणार."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"बरं. पण उलटवायचं असलं तर तुम्ही उलटवा. इथं बसा." ती खुर्चीतून उठली. "बटण हे. खाली तुमचं नाव येईल."

सगळं ऑफिस कीबोर्डवरचे हात थांबवून बसलं होतं. सर खुर्चीत बसले. माउस हातात घेतला. पडद्यावर आरोहीनं लिहिलेलं ते वाक्य होतं, त्याखाली तिचं नाव, आणि त्याखाली रिकामी जागा. ते बराच वेळ तिथंच बघत राहिले. मग माउस सोडून उठले आणि केबिनमध्ये गेले. दार लावून घेतलं. आरोहीनं पर्स उचलली. नोकरी गेली ती गेली. सर आपला शब्द मागं घेणार नव्हते, आणि ती नोकरी परत मागणार नव्हती.

सकाळी ती खोलीवरच होती. आवरून कुठं जायचं नव्हतं, तरी सवयीनं वेणी घातली गेली. तेवढ्यात जयाबाईचा फोन आला.

"लागली बघा! खाटंवर बसून लागली. मारुतीराव फोटुत डोळं मिटूनच हायत, पर घेटला त्यानं. तुमी पोचलासा न्हवं हापिसात?"

"व्हय. पोचले."

"मग करा काम. मोडता न्हाय घालत."

जयाबाईनं फोन बाजूला ठेवला, पण बंद करायचा राहिला. आरोहीनंही केला नाही. पलीकडं वाटीला चमचा लागल्याचा आवाज आला. म्हातारा कण्हत म्हणाला, पेज अळणी हाय. जयाबाई म्हणाली, डागदरनं सांगिटलंय, गप गिळा. मग थोडा वेळ नुसता चमचा.