पडायचं काम

तीर्थपुरीच्या कडूबांनी चौऱ्याहत्तराव्या वर्षी सिनेमात काम केलं, आणि तो सिनेमा असा आपटला की विचारू नका. नाव होतं 'सत्तरीचा सावळागोंधळ'. म्हातारपणावरचा विनोदी सिनेमा, असं पोस्टरवर छापलेलं होतं. छापलं नसतं तर विनोदी आहे हे कुणाला कळलंही नसतं. पेपरवाल्यांनी त्याला पाचापैकी एक तारा दिला, तोही बहुधा दया येऊन.

कडूबांचं काम अर्ध्या मिनिटाचं. शहागडला गोदावरीच्या घाटावर सात म्हाताऱ्यांची पळायची शर्यत, त्यात हे पाचवे. नुसतं पळायचं होतं. तिसऱ्यांदा पळताना डोळ्यांपुढं अंधारी आली आणि कडूबा आडवे झाले. डायरेक्टर टाळ्या वाजवत म्हणाला, "वा काका, काय नॅचरल पडलात!" सीन पक्का झाला. कडूबांनीही मग घरी सोलवटलेलं कोपर मिरवत ठोकून दिलं, "मला पडायचंच काम होतं."

खरं सांगायची सोय नव्हती. चक्कर त्यांना दिवाळीपासून येत होती. मुलगा अंगद आधीच बजावून बसला होता, "दादा, एकदा जरी पडले, तर लुनाची चावी माझ्याकडं." लुना गेली की आठवडी बाजार गेला, दोस्तांबरोबरचा चहा गेला, आणि दिवसभर टीव्हीसमोर बसणं आलं. कडूबांना चक्कर परवडली, पण हे नको होतं.

जालन्याच्या टॉकीजमध्ये दुपारच्या खेळाला नऊ माणसं होती. त्यांतली दोन म्हणजे कडूबा आणि त्यांची बायको उषाबाई. उषाबाईंना चार वर्षांपासून नीट ऐकू येत नव्हतं. समोरच्याच्या ओठांवरून त्या बोलणं ओळखत. त्यामुळं सिनेमातले विनोद ऐकायचे तरी त्यांचे वाचले. बाकीचे सोसत होते, आणि मागच्या रांगेतला एकजण सरळ घोरत होता.

मग शर्यत आली. पडद्यावरचे कडूबा धाडकन पडले, आणि त्यांच्या तोंडी दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज घातलेला, "आयला, माझी कवळी!" टॉकीज पहिल्यांदा हसलं. घोरणाराही जागा होऊन हसला. कडूबांची छाती फुगली. कौतुकाच्या आशेनं त्यांनी शेजारी बघितलं, तर उषाबाई हसत नव्हत्या.

मध्यंतरात त्यांनी विचारलं, "पडताना काय म्हणले तुम्ही?"

"कवळीचं म्हणलो. डायलॉग होता तो."

"न्हाई. 'उषे' म्हणले."

पन्नास वर्षांच्या संसारात कडूबांनी बायकोचं नाव कधी घेतलं नव्हतं. 'अगं ए', 'ऐकलं का', फार तर 'अंगदची माय'. त्यांच्या बरोबरीचे कुणीच घेत नसत. पडद्यावर मात्र दहा फुटी तोंडानं घेतलं होतं, आणि त्यांना स्वतःला ते आठवतही नव्हतं.

"खोटं पडणारा माणूस माझं नाव कशाला घेईल?" उषाबाई म्हणाल्या. "कधीपासून येऊन राह्यली चक्कर?"

"दिवाळीपासून." मग घाईघाईनं, "अंगदला बोलू नको. लुना काढून घेईल तो."

"त्याला कशाला? चावी मीच ठेवते. उद्या बराबर नऊला दवाखाना. डॉक्टर हो म्हणले तर चावी भेटेल. तवर बाजाराला दोघं मिळून रिक्षानं जाऊ." एवढं ठणकावलं, पण त्यांचे डोळे भरून आले होते. "इतके दिवस एकटेच भीत राह्यले. मला सांगायला काय झाल्तं?"

कडूबांना लाज वाटली, आणि फार हलकंही वाटलं. राहिलेला सिनेमा बघण्यात काही अर्थ नव्हता. दोघं बाहेर येऊन भज्यांच्या गाड्यावर उभे राहिले.

"आता एकदा घ्या," उषाबाई म्हणाल्या.

"काय?"

"नाव."

कडूबांनी इकडंतिकडं बघितलं. भजीवाला कढईत गुंतलेला होता. अगदी हळू, जेमतेम ओठ हलवत ते म्हणाले, "उषे."

उषाबाई त्यांच्या ओठांकडंच बघत होत्या.

"ऐकू न्हाई आलं," त्या म्हणाल्या. "परत म्हणा."