दोरीवरची मोकळी जागा

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे मालवणच्या आमच्या हायस्कुलात आठवीतल्या पोरांनाही ठाऊक होतं. मी मूळचा धामापूरचा, भातशेतीतला माणूस. बी.ए. होऊन इंग्रजी शिकवायला लागलो तेव्हापासून पोरांच्या चुका मला खाजकुइलीसारख्या लागतात. बासष्ट साली मॅट्रिकच्या वर्गात देवबागची पार्वती होती. तिच्या वाडीतून मॅट्रिकपर्यंत आलेली ती पहिलीच मुलगी. रोज पहाटे निघून वाळूतून दोन तास चालत यायची आणि पहिल्या तासाला हजर असायची. पास झाली की तिला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जाता येणार होतं. घोडं अडलं तर इंग्रजीतच अडणार, हे मला दिसत होतं, आणि तिच्यापेक्षा मीच जास्त उतावीळ झालो होतो.

त्या पौषात मी न घडलेल्या गोष्टींची वाक्यं शिकवायला घेतली. अमुक झालं असतं, तर तमुक झालं असतं. व्याकरणातला हा माझा लाडका धडा. त्यात एक वेगळंच गाव वसलेलं आहे असं मला वाटतं. त्या गावात मी बापाचं न ऐकता दशावतारी मंडळींबरोबर निघून गेलो आहे, तोंडाला रंग लावून राजा झालो आहे आणि माझ्या हातात खडू नाही. शिकवता शिकवता मी तिकडे हरवून जायचो. त्या दिवशी मी धामापूरच्या तळ्याची गोष्ट सांगितली. तळ्याकाठी फुलं ठेवून मागणं केलं की लग्नासाठी सोन्याचे दागिने मिळायचे, कार्य उरकलं की परत द्यायचे. कुणीतरी ते परत दिले नाहीत आणि तळं कायमचं गप्प झालं, असं आमच्याकडे सांगतात. त्याने दागिने परत दिले असते, तर आज या वर्गातल्या सगळ्या मुली सोन्याने मढल्या असत्या, असं मी इंग्रजीत फळ्यावर लिहिलं. वर्ग हसला. पार्वतीही हसली.

मग मी सांगितलं, घरातल्या रोजच्या गोष्टींवर अशी दहा वाक्यं लिहून आणा. दुसऱ्या दिवशी पार्वतीचं पान कोरं. तिसऱ्या दिवशीही कोरं. विचारलं तर मान खाली. माझा पारा चढला. तिला उभी केली आणि मार्गदर्शक पुस्तकातलं पहिलंच वाक्य मी सांगतो तसं लिही म्हणून दरडावलं. भाऊ वेळेवर घरी आला असता, तर आम्ही सगळे एकत्र जेवलो असतो. तिने टाक उचलला, कागदावर टेकवला आणि तसाच खाली ठेवला. मग वही मिटून, मला न विचारता, ती वर्गाबाहेर गेली. पुढचे आठ दिवस ती शाळेत आली नाही. वर्गातल्या पोरांना कारण माहीत असणार, पण माझ्यासमोर तोंड उघडायची कुणाची छाती होती?

परीक्षा दीड महिन्यावर आली होती. रविवारी सकाळी मी देवबागची वाट धरली. तिला चार शब्द सुनवायचे आणि सोमवारी वर्गात आणून बसवायची, एवढंच डोक्यात होतं. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला कर्लीची खाडी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. धुकं इतकं की दोन्हीकडचं पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. पायाखालची वाळू तेवढी खरी, बाकी काही धरवत नव्हतं. चालता चालता माझा राग कुठे गळून पडला ते कळलं नाही. माझं ते न घडलेलं गाव असंच कुठेतरी असेल, दोन पाण्यांच्या मधे, आणि आपण बहुतेक तिथेच निघालो आहोत, असं वाटायला लागलं.

देवबागच्या किनाऱ्यावर रापण ओढणं चाललं होतं. होडीने लांबवर जाळं टाकून त्याच्या दोन्ही दोऱ्या काठाला आणलेल्या होत्या, आणि माणसं दोन ओळींत, टाचा वाळूत रोवून, मागे मागे सरकत होती. जाळं दिसत नव्हतं. ही मंडळी धुकंच ओढून काठावर आणताहेत असं वाटावं. जवळच्या ओळीत दोघांच्या मधे एका माणसापुरती जागा मोकळी होती. आमच्याकडे भाताच्या लावणीला रांगेत जागा मोकळी दिसली की जो येईल तो तिथे वाकतो. विचारायचं नसतं, उलट नुसता बघत उभा राहिला तर लोक नावं ठेवतात. मी वहाणा काढल्या, धोतर खोचलं आणि त्या जागी जाऊन दोरी धरली.

ओढणाऱ्यांची लय तुटली. रापणीचा म्होरक्या तुकाराम तांडेल मला ओळखत होता. त्याने मागे वळून माझ्या हातांकडे बघितलं.

"मास्तरांनू, ती बाबलीची जागा," तो हळू म्हणाला. मग म्हणाला, "आता धरल्यात, तर सोडू नकात. जाळा काठाक येवंदे."

मी ओढत राहिलो. माझ्या मागे धोंडू म्हणून एक गडी होता, त्याने ओढता ओढता तुकड्यातुकड्यांनी सगळं सांगितलं. बाबली म्हणजे पार्वतीचा थोरला भाऊ. तीन वर्षांमागे मचव्यातून शिरोड्याकडे मासेमारीला गेला होता. मचव्याच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या, बरोबरच्या दोघांची प्रेतं सापडली, बाबलीचं काहीच सापडलं नाही. त्याची आई काशीबाई म्हणाली, तो येतलो. तेव्हापासून तांडेलाने दोरीवरची त्याची जागा राखली. जागा आहे म्हणून मासळीतला त्याचा वाटाही वाळूत रोज मांडला जायचा आणि काशीबाई तो टोपलीत भरून न्यायची. त्या घरात बाबली असता तर, असं कुणी बोलायचं नाही. तसं बोललं की तो नाही असं आपणच म्हटल्यासारखं होतं. पार्वतीने घरचा नियम इंग्रजीतही पाळला होता, आणि मी तिला मार्गदर्शकातलं वाक्य सांगून दरडावत होतो. मला स्वतःची इतकी लाज वाटली की हात सोलवटत होते ते बरंच वाटलं.

जाळं काठाला लागलं. बांगडा चांगला मिळाला होता. वाळूत वाटे पडले आणि तांडेलाने एक वाटा माझ्या पायाशी मांडला. मी म्हटलं, मला नको, मी चुकून हात लावला. तो ऐकेना. ज्याने ज्या जागी उभं राहून ओढलं, त्या जागेचा वाटा त्याचा, हे त्याच्या आज्यापासून चालत आलेलं. ते मोडायची त्याचीही हिंमत नव्हती. टोपली काखेत घेऊन काशीबाई समोर उभी होती, तिच्या मागे पार्वती. सगळे वाळूकडे बघत होते. मी घेतला तर तिचा मुलगा मेला, आणि नाही घेतला तर रापणीची रीत मोडली. आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो.

काशीबाईने टोपली खाली ठेवली.

"काय ता वाक्य, मास्तर?" तिने विचारलं आणि पार्वतीकडे बोट दाखवलं. "चेडू माका सांगणा नाय."

मान खाली घालून मी ते मराठीत सांगितलं. भाऊ वेळेवर घरी आला असता, तर आम्ही सगळे एकत्र जेवलो असतो.

ती धुक्याकडे वळली. मग स्वतःशी बोलावं तसं म्हणाली, "बाबली येवचो असतो, तर तीन वर्सांत इलो असतो."

पार्वतीने तोंडात पदर कोंबला. तांडेलाने डोकीचं फडकं काढलं. उद्याच्या जागेचं काय करायचं, असं त्याने काशीबाईला चाचरत विचारलं.

"सरकान घेवा," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "वाटो तुमचो. पण रांधतलंय मी. जेवन जावा."

त्या दिवशी मी बाबलीच्या पाटावर बसून बाबलीच्या वाट्याचे बांगडे जेवलो. तीन वर्षं त्या पाटापुढे ताट वाढून झाकून ठेवत होते, असं पार्वतीने मला नंतर सांगितलं. तिरफळं घातलेलं तिखट सार होतं. काशीबाई समोर बसून बघत होती, म्हणून मी शेवटच्या शितापर्यंत जेवलो. जेवण होईपर्यंत ती रडली नाही. मी हात धुवायला उठलो आणि आतून तिचा हंबरडा ऐकू आला. पार्वती धावत आत गेली. मी तसाच ओल्या हातांनी मालवणला परतलो. धुकं गेलं होतं आणि वाट अगदी साधी दिसत होती.

मंगळवारी पार्वती वर्गात आली. मधल्या सुट्टीत तिने वही माझ्या टेबलावर ठेवली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. दहा वाक्यं होती. भावाने आपल्याला पोहायला शिकवलं असतं, तो असता तर होडीला नवा रंग दिला असता, आईने त्या दिवशी त्याला हाक मारली असती, तर तो मागे वळला असता. रोजच्या, घरातल्या गोष्टी, मी मागितल्या होत्या तशाच. लाल पेन्सिल हातात असून मी एकाही वाक्याला लावली नाही. चूक नव्हतीच.

दहावं वाक्य होतं, "इफ सर हॅड नोन, ही वुड नॉट हॅव टच्ड द रोप."

सरांना माहीत असतं, तर त्यांनी दोरीला हात लावला नसता.

"बरोबर आहे ना, सर?" तिने दारातून विचारलं.

मला माहीत असतं, तर मी खरंच हात लावला नसता. आणि काशीबाईने आज सकाळीही त्या पाटापुढे ताट वाढलं असतं.

"बरोबर आहे," मी म्हटलं, आणि तेवढ्या एका वाक्यापुढे बरोबरची खूण केली.