वासाचं माणूस

कुत्रेवाल्या बाईंनी आधी दोघांचे हात हुंगले.

पिल्लू विकत घ्यायला गेलेल्या माणसांनी पिल्लू बघायचं असतं, असा या नवराबायकोचा समज होता. तो दारातच निकालात निघाला. बाई उंच, आवाज जाडाभरडा, आणि स्वेटरवर इतके केस की लोकर कोणती आणि कुत्रं कोणतं ते ठरवता येऊ नये.

"साबण," त्या म्हणाल्या. "दोघांच्याही हाताला. दवाखान्यात कामाला आहात?"

"लाँड्री आहे आमची," नवरा म्हणाला. "मी इस्त्री करतो, ही काउंटर बघते. आणि आई धुते."

"काय धुते?"

"दिसेल ते."

बाईंनी भुवया चढवल्या, पण आत घेतलं. कोपऱ्यात आई-कुत्री आडवी झाली होती आणि तिच्या पोटाशी पिल्लांची ओळ लागली होती, एकाशेजारी एक ठेवलेल्या तपकिरी मोज्यांसारखी. अस्सल डॅशहंड. बाईंनी त्यांच्या आज्या-पणज्यांची नावं घडाघडा सांगितली. बाप कुठला, बापाचा बाप कुठला, कुणी कुठे पदक मिळवलं. इस्त्रीवाला भारावून ऐकत राहिला. त्याला स्वतःच्या दोन पिढ्या ठाऊक होत्या, आणि त्यातल्या एकीबद्दल घरात हळू आवाजात बोलायचे.

बायको मात्र काही ऐकत नव्हती. ओळीतलं शेवटचं पिल्लू उठून तिच्याकडे निघालं होतं. पाय बोटभर, अंग हातभर, कान पुढच्या जन्मालाही पुरून उरतील एवढे. देवाने कापड न मोजता अंग बेतलं असावं आणि पायांपाशी येईपर्यंत तागा संपला असावा. ते आलं, तिच्या बुटावर हनुवटी टेकून बसलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

ही भाड्याच्या खोल्यांत वाढलेली. प्रत्येक घरमालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं: प्राणी चालणार नाहीत. लहानपणी ती चपलेला दोरी बांधून जिन्यावरून खाली फिरवून आणायची. चपलेचं नाव ठेवलं होतं. चप्पल तुटली तेव्हा जेवली नव्हती.

"हीच," ती म्हणाली.

"पुढच्या रविवारी मी येईन," बाई म्हणाल्या. "खात नसेल, झोपत नसेल, वजन उतरलं असेल, तर उचलून घेऊन जाईन. पैसे परत. माझी पद्धतच आहे तशी. वाद घालायचा नाही, रडायचं नाही."

"पिल्लाने की आम्ही?"

"तुम्ही. पिल्लू रडणारच."

मग त्यांनी आई-कुत्रीच्या अंगाखालून एक टॉवेलचं फडकं ओढून काढलं. करडं, कडक झालेलं, दुधाच्या वाळक्या डागांनी भरलेलं. "हे हिच्यापाशी ठेवायचं. यात हिची आई आहे. आणि हे धुवायचं नाही."

दोघांनी माना डोलावल्या. नवऱ्याने तर गळ्याला हात लावून शपथ घेतली. पण शपथेच्या वेळी आई तिथे नव्हत्या, आणि घोटाळा तिथेच झाला.

खाली दुकान, वर दोन खोल्या. दुकानात आईंचं राज्य होतं आणि त्या राज्यात वासाला थारा नव्हता. घामाचा वास म्हणजे आरोप, डाग म्हणजे गुन्हा, आणि आई न्यायाधीशही आणि जल्लादही. आईंचे यजमान वारले तेव्हा रडून झाल्यावर त्यांनी आधी पडदे धुवायला काढले होते. मशीनच्या घरघरीवर त्या स्वतःच्या ओव्या रचून म्हणत. गिऱ्हाइकं कपडे न्यायला येत आणि एखादी ओवी फुकट घेऊन जात.

त्यांनी दुकानाला कायदाही घालून दिला होता. ज्या कपड्याला पाणी लागता कामा नये, त्याच्या काजात लाल चिंधी बांधायची. लाल चिंधी दिसली की आईंचा हात आपोआप मागे यायचा. बाकी सगळं ड्रममध्ये.

आई पिल्लाकडे बराच वेळ बघत राहिल्या. वेळ लागणारच होता, टोकापासून टोकापर्यंत बघायचं होतं.

"हे असं ताणलेलं का आहे?" त्यांनी विचारलं. "ओलं असताना दोरीवर टाकलं होतं का कुणी?"

"जातच तशी आहे, आई. अस्सल आहे."

"अस्सल!" आई म्हणाल्या. "पैसे मोजून डागांचं दुकान आणलंत घरात." आणि पाठ फिरवून खाली गेल्या.

नवराबायको वर खोकं लावत बसली. कुठला कोपरा उबदार, दाराची फट कुठे, पाण्याची वाटी कुठे, यावरून दोघांचं थोडं भांडणही झालं. आणि खाली काउंटरवर राहिलेल्या पिशवीत आईंना ते फडकं दिसलं.

त्यांचं काळीज हललं. परक्या घरी आलेलं एवढंसं लेकरू, आणि बरोबर सामान काय, तर हे! कुणी धड कपडाही दिला नाही पोरीला. आईंनी ते कोमट पाण्यात भिजवलं, डाग हाताने चोळून काढले, नीळ दिली, वाळवलं. निघालेल्या कडा दुमडून शिवल्या. गिऱ्हाइकाच्या कपड्याला त्या इस्त्री करत नसत, ते मुलाचं काम. या फडक्याला स्वतः केली. मग चौघडी घालून वर आल्या आणि पिल्लापुढे ठेवलं.

"घे गं," त्या म्हणाल्या. "आता कसं, चारचौघांत मिरवण्यासारखं झालं."

इस्त्रीवाल्याचं तोंड उघडलं. बायकोने त्याचा पाय दाबला, कारण आईंच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिने लग्न होऊन आल्यापासून क्वचितच पाहिलं होतं.

पिल्लाने फडकं हुंगलं. उलटं करून हुंगलं. त्याच्याभोवती एक फेरी मारून पुन्हा हुंगलं. मग खाली बसलं, लांब तोंड वर केलं आणि असा सूर लावला की खाली रस्त्यावरची सायकल थांबली.

तो सूर मग थांबलाच नाही. पिल्लू दिवसा रडलं, संध्याकाळी रडलं, दमून पेंगलं आणि पेंगता पेंगताही रडलं. दूध कोमट करून दिलं, मांस शिजवून, कुस्करून, बोटाला लावून दिलं. जिभेचं टोक लावायचं आणि तोंड फिरवायचं. सून रोज त्याला दुकानातल्या कपड्यांच्या काट्यावर ठेवायची, आणि काटा बघून तिचाच चेहरा उतरायचा. रविवार चालून येत होता.

नवऱ्याने एकदा धीर करून कुत्रेवाल्या बाईंना फोन लावला.

"तिच्या आईची तब्येत कशी आहे?"

"उत्तम. का?"

"सहज," तो म्हणाला आणि फोन ठेवून घाम पुसत बसला.

"सहज?" बायको म्हणाली. "कुत्रीच्या तब्येतीची सहज चौकशी? सासू आहे का ती तुझी?"

"मग तू लाव ना फोन! सांग, आमच्या आईने तुमच्या कुत्रीचा वास घालवला म्हणून!"

"हळू बोल, आई ऐकतील."

आठवडा उतरणीला लागला. दुपारी दुकानात मशीन फिरत होतं, वरून रडण्याचा सूर येत होता, आणि खिसे तपासता तपासता आई म्हणाल्या, "जात मोठी, नखरे मोठे. एवढं स्वच्छ करून दिलं तरी भोकांड थांबत नाही."

सुनेच्या हातातला गठ्ठा खाली पडला.

"आई, तुम्ही तिची आई धुवून टाकलीत!"

मग सुनेने सगळं सांगितलं. फडकं, वास, धुवायचं नाही म्हणून बजावलेलं, रविवार. "त्या येतील आणि घेऊन जातील तिला. मग मी बसते परत चपलेला दोरी बांधून."

आईंनी मशीन बंद केलं. मध्येच, फेसासकट. दुकान उघडल्यापासून असं झालं नव्हतं.

"लाल चिंधी का नाही बांधलीत?"

सून पडलेला गठ्ठा गोळा करू लागली. इस्त्रीवाला इस्त्रीकडे बघत राहिला. लाल चिंधीच्या दुकानात जन्म काढला त्याने, आणि सुचली नव्हती.

"बरं, मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही इतक्या प्रेमाने धुतलं होतं..."

"प्रेम कसलं डोंबलाचं! डाग होते त्याला!" आई म्हणाल्या. पण आवाज ओला झाला होता. जिना चढून त्या वर गेल्या, गुडघ्याला हात देत खोक्यापाशी बसल्या, आणि मशीन नसतानाही त्यांच्या तोंडून निघालं:

धुते जन्मभर धुणं, डाग एकही राहीना
लांबुडक्या माझ्या बाई, तुझं रडू गं जाईना

पिल्लाला ओवीचं काही सोयरसुतक नव्हतं. आईंनी ते उचलून छातीशी धरलं. अंगावर ताजा धुतलेला गाऊन, कडक इस्त्रीचा. पिल्लाने तो हुंगला आणि शिंकलं. मग एकाएकी त्याचं नाक वळलं. ते आईंच्या हातातून घसरलं, खोलीच्या कोपऱ्यातल्या वेताच्या टोपलीपर्यंत डुलत गेलं आणि टोपली अंगावर पाडून घेतली. घरच्यांचे मळके कपडे त्या दिवशी तिथेच राहिले होते, खाली मशीनला गिऱ्हाइकांची गर्दी होती म्हणून. मुलाचा शर्ट बाजूला, टॉवेल बाजूला, सुनेचे मोजे बाजूला. तळाशी आईंचा कालचा गाऊन. पिल्लू त्यात शिरलं, गोल गोल फिरलं, आणि शेपटीचं टोक तेवढं बाहेर ठेवून गप्प झालं.

खालून दोघं धावत वर आली. "काय झालं? आवाज का बंद पडला?"

"श्श!" आई म्हणाल्या. "झोपलीये."

त्या गाऊनला वाफेचा वास होता, बामचा होता, काखेतल्या घामाचा होता, आणि सगळ्याखाली खुद्द आईंचा होता, जो त्या रोज सकाळी घासून घालवत आणि ज्याची त्यांचीच त्यांना ओळख नव्हती. साऱ्या घरात आईचा वास येणारी वस्तू ती एवढीच.

आईंनी थोडा वेळ विचार केला. मग पिल्लासकट गाऊन उचलला, पिल्लू सुनेकडे दिलं आणि आत जाऊन तो मळका गाऊन अंगात घालून आल्या.

"आता हा उतरणार नाही," त्यांनी जाहीर केलं. "आणि अंघोळही नाही. अर्धवट काम मला जमत नाही."

"आई, रविवारपर्यंत?" मुलगा घाबरून म्हणाला. "दुकानाचं काय?"

"दुकान काय माझ्या अंगावर चालतं?"

तसं पाहिलं तर चालत होतं. आईंचा वास वाढत गेला आणि पिल्लाची भूक वाढत गेली. ते त्यांच्या मांडीवर बसून त्यांच्या बोटांनीच खायचं. त्यांनी खिसे तपासावेत, त्याने बाह्या चघळाव्यात. बँकेतल्या साहेबांच्या कोटाचं बटण त्याने तोंडात धरून ठेवलं आणि तिघांनी मिळून ओढलं तरी सोडेना, तेव्हा त्याचं नाव बटण पडलं. बाईंनी दिलेल्या वंशावळीच्या कागदावरचं पल्लेदार नाव घरात कुणाला उच्चारताही येत नव्हतं. साहेब कोट न्यायला आले आणि दारातच थबकले.

"काही मेलंय का हो इथे?"

"माझी अक्कल मेली होती," आई म्हणाल्या. "पुरायची राहिलीये. रविवारनंतर या."

ओव्याही बदलल्या होत्या:

नाव मोठं कागदाला, पाय इवले अंगाला
राजाघरची गं लेक, मुतली माझ्या झग्याला

रविवारी कुत्रेवाल्या बाई आल्या. दुकान बंद होतं, शटर अर्धं वर. त्या वाकून आत आल्या आणि पहिलाच प्रश्न विचारला. "फडकं कुठे आहे?"

सुनेने पांढरं शुभ्र, घडी घातलेलं फडकं पुढे केलं. बाईंनी ते नाकाशी नेलं आणि त्यांचा चेहरा बंद झाला.

"मी सांगितलं होतं."

"मी धुतलं," आई मागून म्हणाल्या. "यांना बोलू नका. चूक माझी आहे."

बाईंनी बटणला उचललं आणि काट्यावर ठेवलं. वजन वाढलं होतं. त्यांनी काटा ठोकून बघितला. तरी वाढलेलंच. मग पिल्लाला काखेत घेऊन त्या शटरपर्यंत गेल्या. सुनेने नवऱ्याचा हात इतका घट्ट धरला की त्याची अंगठी रुतली. वाद घालायचा नाही असं ठरलं होतं. रडायचं नाही असंही ठरलं होतं, ते जमलं नाही.

बटणने मात्र काहीच कबूल केलेलं नव्हतं. तिने काखेतून असे हातपाय झाडले की बाईंना तिला खाली ठेवावं लागलं. ठेवल्याबरोबर ती फरशीवरून घसरत, स्वतःच्याच कानांवर पाय देत, काउंटरला वळसा घालून पळाली आणि आईंच्या गाऊनच्या घेरात शिरली. शेपटीचं टोक तेवढं बाहेर.

बाई परत आल्या. आईंच्या पुढ्यात उकिडव्या बसल्या, गाऊनचं टोक हातात घेऊन हुंगलं, आणि जन्मभर कुत्र्यांत राहिलेली ती बाई मागे सरकली.

"अहो, काय घाण वास येतो तुम्हाला!"

आईंनी पदवी मिळाल्यासारखी मान ताठ केली. "मेहनत आहे त्याला."

"काय केलंत तरी काय?"

"काहीच नाही केलं. तेच तर जड गेलं."

कुत्रेवाल्या बाई हसल्या. हसताना त्यांच्या स्वेटरवरचे केस उडाले आणि आईंचा हात सवयीने झटकायला पुढे झाला, मग मागे आला. "राहू दे तुमच्याकडे," बाई म्हणाल्या. "मी चालले. इथे श्वास घेववत नाही." शटरखालून वाकून त्या गेल्या तेव्हा सून तिथेच फरशीवर बसून हसत होती आणि नाक पुसत होती.

"आता मी अंघोळीला जाते," आई म्हणाल्या. "माझा वास मलाच सहन होईना."

गाऊन बटणला दिला. दुकानामागच्या मोरीतून बराच वेळ पाण्याचा आवाज आला आणि ओव्यांचा. आई बाहेर आल्या त्या गुलाबी, चकचकीत, साबणाच्या वडीसारख्या. बटणने मान वर केली, हवा हुंगली, आणि या अनोळखी बाईवर आयुष्यातलं पहिलं भुंकणं भुंकली.

"अगं ए!" आई म्हणाल्या. "मी आहे मी!"

बटण भुंकतच राहिली. आईंनी इकडेतिकडे बघितलं, तिच्याखालचा गाऊन ओढला आणि स्वच्छ कपड्यांवरूनच अंगात चढवला. भुंकणं थांबलं. शेपटी हलली.

सुनेने हळूच विचारलं, "आई, उद्या धुवायला टाकू का तो?"

आईंनी काउंटरचा खण उघडला, लाल चिंधी काढली आणि गाऊनच्या वरच्या काजात बांधली. गाठ ओढून पाहिली. थोडी चिंधी उरली होती. ती त्यांनी दातांनी तोडली आणि वाकून बटणच्या गळपट्ट्याला बांधली.

"असू दे," त्या म्हणाल्या. "माझा काही भरवसा नाही."