तिसऱ्या गिअरमधला हिवाळा

इंजिन ऐकताना दादा डोळे मिटून घ्यायचा. डब्लिनच्या कडेला, ओंगारमधल्या एकसारख्या विटकरी घरांच्या रांगेसमोर बॉनेट उघडून, मान किंचित कलवून तो उभा असे. आणि नोव्हेंबरच्या सकाळचा तो राखी, ओलसर, कुठूनही न उगवणारा आणि तरीही सर्वत्र पसरलेला उजेड त्याच्या रुंद कपाळावर साचलेला असे. त्याच्या श्वासाची वाफ इंजिनच्या वाफेत मिसळून जाई, आणि या दोघांपैकी धाप नेमकी कुणाला लागली आहे, हे लांबून पाहणाऱ्याला सांगता आलं नसतं.

हेमंत माझा थोरला भाऊ. नागपूरहून तो डब्लिनला शिकायला आला, सॉफ्टवेअर कंपनीत लागला आणि इथलाच झाला. त्याच्या मागोमाग मी आले आणि खाली कॉर्कला, रिंगास्किडीच्या एका औषध कारखान्यात स्थिरावले. त्याला आठवताना मला चेहऱ्याआधी त्याची चाल दिसते. लांब ढांगा टाकत तो सगळ्यांच्या पुढे निघून जाई, मग कोपऱ्यावर थांबून, मागच्यांची वाट पाहता पाहता, टाचेने फरशीवर ठेका धरी. विदर्भाच्या उन्हात वाढलेला हा माणूस या मेघाच्छादित बेटावर उन्हाचा तुकडा शोधत हिंडायचा. ढगातून तिरीप पडली की चालू बोलणं अर्धवट टाकून तिच्यात जाऊन उभा राहायचा, आणि त्याच्या मुद्रेवर असं काही समाधान पसरायचं, की आपणही निमूटपणे त्याच्या शेजारी जाऊन उभं राहावं.

त्याची गाडी गडद हिरवी, पेट्रोलवरची, हाताने गिअर टाकायची. घेतली तेव्हाही जुनीच होती. शुभावहिनी नास गावच्या रुग्णालयात, प्रयोगशाळेत काम करी. लहानपणी डोळ्यांदेखत झालेल्या एका अपघातानंतर स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. म्हणून रोज सकाळी दादा तिला नासला सोडी, मग आपल्या कामाला जाई, आणि सायंकाळी तिला परत आणी. थर्मासमधला चहा, धुक्यातून अर्धवट वर आलेली कुंपणं, पाठीवर दहिवर घेऊन निश्चल उभ्या असलेल्या गाई आणि दोघांचं संथ, तुटक बोलणं: त्यांच्या संसाराचा फार मोठा भाग त्या गाडीतच घडला.

त्या हिवाळ्यात गाडी पेट्रोल पिऊ लागली.

"मनू, अ‍ॅव्हरेज पार कोसळलंय गं," तो फोनवर म्हणाला. "टाकी भरतो न भरतो, तोच काटा खाली."

"जुनी झाली, दादा."

"जुनी तर ती पहिल्यापासूनच आहे. इतकं अचानक कसं होईल?"

दोष शोधणं हा त्याचा पेशाच होता, आणि त्या शोधात तो एखाद्या व्रतस्थासारखा बुडून गेला. टायरमधली हवा खरोखरच कमी निघाली, ती भरली. हवेची जाळी पाचोळ्याने आणि धुळीने चोंदली होती, ती बदलली. स्पार्क प्लग नवे घातले. उन्हाळ्याच्या सहलीत टपावर चढवलेला कॅरिअर वारा अडवतो, म्हणून काढून टाकला. डिकीतलं जडजूड सामान उतरवलं. दर उपायानंतर थोडा आनंद होई, थोडा फरकही पडे, आणि पुन्हा काटा त्याच्या अनावर उतरणीला लागे. संध्याकाळी घरी आला की तो प्रत्येक चाकाशी वाकून तळहात लावून पाही. एखादा ब्रेक आत चिकटून राहिला असेल, तर ते चाक इतरांपेक्षा तापतं. चारही चाकं सारखीच कोमट असत. मग दाराचा आधार घेऊन तो उठे.

वहिनी खिडकीतून बघायची. "तुला उठायला वेळ लागतोय, हेमंत."

"थंडी आहे. तुला नाही वाजत?"

शेवटी शेजारच्या क्लोन्सिलाला, ब्रेंडनच्या गॅरेजमध्ये त्याने गाडी नेली. ब्रेंडन ती गाडी वर्षानुवर्षं ओळखत होता. त्याने संगणक जोडला, धुराड्यातला सेन्सर तपासला, कुठे गळती आहे का ते पाहिलं. दादा सारखा एकच गोष्ट सांगत राहिला: क्लच जड झालाय, क्लच बदल. ब्रेंडनने आपल्या जाड बुटाने क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला.

"क्लच ग्रँड आहे, हेमंत, एकदम ठीक. सगळी गाडीच ग्रँड आहे. नसलेला दोष मी काढू कुठून?"

"मी रोज चालवतो ती! मला कळत नाही का?" दादा ओरडला. कधी आवाज न चढवणारा माणूस त्या ऑइलच्या वासात, त्या उघड्या बल्बखाली ओरडला, आणि मग स्वतःच दचकला. हे मला वहिनीने सांगितलं. सांगताना तिचा आवाज अगदी खाली गेला होता.

डिसेंबरात मी त्यांच्याकडे राहायला गेले. एका सकाळी, वहिनीला सोडायला, तिघेही निघालो. मी मागच्या आसनावर. महामार्गाचा कंटाळा आला म्हणून दादा हल्ली आतल्या, वळणावळणाच्या रस्त्याने जाई. शेतांवर पांढरं शुभ्र दव गोठलं होतं, निष्पर्ण झाडांच्या शेंड्यांवर कावळ्यांची काळी घरटी लटकली होती, आणि क्षितिजाला टेकलेला सूर्य समोरच्या काचेतून आडवा आत शिरत होता. त्या शांततेत इंजिन किंचाळत होतं. वहिनी चहा ओतत होती. तिला तो आवाज रोजचा झाला होता. जुन्या गाड्या अशाच ओरडतात, अशी तिची समजूत होती.

मी गाडी चालवते. मला तो आवाज कळला. मी पुढे वाकून पाहिलं. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती. सरळ, मोकळा रस्ता आला तरी तिसऱ्यातच राहिली. दादाचा हात गिअरवर होता आणि हलत नव्हता. त्याचा डावा पाय क्लचवर पडून होता. ठेवलेला नव्हता, एखादी वस्तू हातातून पडावी तसा तिथे पडला होता.

नासला वहिनी उतरली, रुग्णालयाच्या दारातून आत गेली. मी पुढे येऊन बसले.

"दादा, तू चौथा-पाचवा का टाकत नाहीस?"

"क्लच जड आहे गं. सारखा दाबवत नाही."

"मी चालवून बघू?"

तो क्षणभर थांबला, मग उतरला. गाडीला वळसा घालताना त्याने सबंध वेळ टपावर हात ठेवला होता. त्याचा डावा बूट जमिनीला घासला. खर्र, असा बारीक आवाज झाला. लांब ढांगांचा तो माणूस वीतवीतभर पावलं टाकत होता.

क्लच हलका होता. माझ्या पायाखाली तो सहज गेला, सहज परत आला. गावाबाहेर पडल्यावर मी चौथा टाकला, मग पाचवा, आणि इतका वेळ आक्रोश करणारं ते यंत्र हळूहळू शांत होत गेलं. रडून दमलेलं मूल झोपेत शिरावं तसा त्याचा स्वर खाली उतरला. दादा खिडकीबाहेर पाहत होता. दोन्ही बाजूंनी पांढरी शेतं मागे सरत होती.

"तुला जड नाही लागला?" त्याने विचारलं.

"नाही, दादा."

त्याने डाव्या गुडघ्यावर तळहात ठेवला. मग, जणू दुसऱ्याच कुणाविषयी सांगावं तशा स्वरात म्हणाला, "पायाला सांगतो मी, उचल म्हणून. तो उशिरा ऐकतो. कधीकधी ऐकतच नाही."

मी रस्त्याकडेला गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. समोरची काच मला धूसर दिसू लागली. त्याने माझ्या मनगटावर हात ठेवला, आणि इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडून लहानपणचं नागपूर बाहेर आलं: "काऊन रडून राहिली? दोष तर सापडला ना."

पुढच्या सगळ्या तपासण्या वसंतापर्यंत चालल्या. सुया टोचून स्नायूंतले विद्युत्प्रवाह मोजले गेले, मेंदूची, मणक्याची छायाचित्रं काढली गेली, आणि मार्चमध्ये, खिडकीबाहेर डॅफोडिल्सचे पिवळे ताटवे वाऱ्याने आडवे होत असताना, एका मृदुभाषी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की स्नायूंना आज्ञा पोचवणाऱ्या चेतापेशी एकेक करून विझत जाण्याचा हा आजार आहे. तो पायापासून वर चढत जाईल. थांबवता येणार नाही. दादाने एकच प्रश्न विचारला, "मी गाडी कधीपर्यंत चालवू?" त्या म्हणाल्या, "आजपासून नको."

परतताना वहिनी टॅक्सीत अगदी ताठ बसली होती. घराचं दार उघडायच्या आधी ती म्हणाली, "मला शिकव."

त्या मे महिन्यात हॉथॉर्नच्या कुंपणांना इतका फुलोरा आला होता, की रस्ते दोन्ही बाजूंनी फेसाळल्यासारखे दिसत. आणि त्या निष्ठुर सौंदर्यातून वहिनी गाडी चालवायला शिकली. एरवी शिकवायला प्रशिक्षक येई. मी आले की, शिकाऊ चालकाशेजारी परवानाधारक हवा या नियमाप्रमाणे, तिच्या शेजारी मी बसे, दादा मागे. स्टिअरिंग धरताना तिच्या बोटांची पेरं पांढरी पडत. समोरून ट्रक आला की तिचे ओठ कसली तरी प्रार्थना पुटपुटत. मागून दादाचा आवाज येई. त्याला रस्त्याकडे पाहावं लागत नसे. डोळे मिटून, मान कलवून तो इंजिन ऐके, आणि म्हणे, "आता दुसरा. घाई नको. ऐक, ती स्वतःच मागतेय... हं, आता तिसरा. आता चौथा टाक, शुभा." एकदा ती चौकात गाडी बंद पडल्यावर हुंदके देत म्हणाली, "मला नाही जमणार रे." तो म्हणाला, "जमलंच पाहिजे. तुझ्याशिवाय मला फिरवणार कोण?"

शरद ऋतूत ती परीक्षा उत्तीर्ण झाली. त्यानंतर तो तिच्या शेजारी बसून रोज नासला जाऊ लागला. सोबतीला एक शेजारीण मागे बसे; वहिनी उतरली की तीच त्याला घेऊन गाडी घरी आणी, आणि सायंकाळी वहिनी बसने परते. काम सुटलं होतं, बोटांतली पकड सुटली होती, आणि आता जिभेचं वळणही सैल होऊ लागलं होतं. शब्द ओल्या कापसासारखे जड होऊन बाहेर येत. "चौथा" म्हणताना त्याला फार श्रम पडत, म्हणून तो फक्त हनुवटी उचली. वहिनी रस्ता आणि ती हनुवटी, दोन्ही सांभाळी.

एके दिवशी पेट्रोलचा काटा पाहून तो थबकला. आठवडा संपत आला होता आणि टाकी अजून बरीच भरलेली होती. योग्य वेळी वरचा गिअर, हलका पाय, उतारावर सोडून दिलेला अ‍ॅक्सिलरेटर: त्याने शिकवलेलं सगळं ती तंतोतंत पाळत होती, आणि म्हातारी गाडी आपल्या तरुणपणीचं अ‍ॅव्हरेज देऊ लागली होती.

"बघ," तो एकेक अक्षर ओढून काढत म्हणाला. "गाडीत... दोष... नव्हता."

आणि तो हसला, अगदी मनापासून, एखादं अवघड गणित सुटल्यासारखा.

"मनू, तो हसला ना," वहिनी मला फोनवर म्हणाली, "तेव्हा मला वाटलं, हे पेट्रोल पुन्हा गळू दे, वाहून जाऊ दे, टाकी रोज रिकामी होऊ दे. मला नको हे सुधारलेलं काही." पलीकडे ती किती तरी वेळ रडत होती. मी रिंगास्किडीच्या धक्क्याकडे पाहत उभी होते; एक जहाज बंदरातून इतक्या मंद गतीने बाहेर पडत होतं, की ते निघालं आहे हे समजेपर्यंत ते लहान झालेलं होतं.

दुसऱ्या हिवाळ्याच्या अखेरीस, श्वासाचे स्नायूही थकले तेव्हा, दादा गेला. दुपार होती. वहिनीने त्याची खाट खिडकीशी सरकवून घेतली होती. त्याच्या पायावर पांघरूण होतं आणि त्या पांघरुणावर, दिवसभराच्या पावसानंतर, ऊन पडलं होतं. त्याला ते दिसलं होतं. पापण्यांनी त्याने वहिनीला ते दाखवलंही होतं.

नंतर काही आठवड्यांनी मी पुन्हा तिच्याबरोबर नासला गेले. शेतांत नवी कोकरं होती, कुंपणांवर गॉर्सची काटेरी झुडपं पिवळी फुलली होती. ती आता निर्भयपणे गाडी चालवते. ट्रक येतात, जातात, तिचे ओठ हलत नाहीत. वाटेतलं क्लेन गाव मागे पडलं, चढ संपून रस्ता मोकळा झाला, इंजिनचा स्वर वर चढला. क्लच दाबून, हात गिअरवर ठेवून, ती थांबली. तिने शेजारी पाहिलं नाही. केवळ एक निमिष गेलं, आणि मग तिने चौथा टाकला.

हे ती रोज करते, आणि करते आहे हे तिला ठाऊक नाही. त्या निमिषापुरता काळ अजूनही त्याच्या होकाराची वाट पाहत थबकतो, आणि मग, तो न मिळताच, पुढे निघतो.